अकराशे किलोमीटर आणि एक आजी



सहामाही परीक्षा संपत आली की आमच्या वर्गात एकच विषय असतो. दिवाळीच्या सुट्टीत कोण कुठे जाणार? कुणी मामाकडे, कुणी अलिबागला, कुणी नुसतंच घरी. यंदा एका मुलाने हात वर केला आणि विचारलं, "बाई, युरोपात म्हणे लोक सकाळी एका देशात नाश्ता करतात, दुपारी दुसऱ्या देशात जेवतात आणि रात्री तिसऱ्या देशात झोपतात. तेसुद्धा आपल्याच गाडीने! खरं का हो?"

खरं आहे. तिकडचे बरेच देश आपल्या एखाद्या राज्याएवढेच, काही तर त्याहूनही लहान आहेत. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्ग देशातल्या शेंगेन नावाच्या छोट्याशा गावी पाच देशांनी करार केला, की आपापसांतल्या हद्दींवरची तपासणी हळूहळू बंद करायची. आज त्या व्यवस्थेत २९ देश आहेत. रस्त्याकडेला एक निळी पाटी दिसते आणि देश बदलतो. काही देशांनी मधूनमधून तपासणी पुन्हा सुरू केली आहे, म्हणून पासपोर्ट मात्र जवळ हवाच.

"मग आपण का नाही असं करायचं?" लगेच पुढचा प्रश्न.

का नाही? कर्जतहून निघायचं, घाट चढून पुणे, सातारा, कोल्हापूर करत कर्नाटकात बेळगाव, तिथून चोर्ला घाट उतरून गोवा आणि मग कोकणातून वर येत, पेण-खोपोलीवरून परत कर्जत. तीन राज्यं! अंतर साधारण अकराशे किलोमीटर. चला, आज आपण ही सहल कागदावर करू. एकदा हिची आखणी जमली ना, की युरोपचीही जमेल. कशी, ते शेवटी बघू.

आधी गणित. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर धरला, तर १,१०० भागिले ६०. सव्वाअठरा तासांच्या आसपास. वर्गातल्या एका हुशार मुलाने जाहीर करून टाकलं, "बाई, दोन दिवसांत होईल सहल!"

काळ-काम-वेगाच्या गणितात त्याला पूर्ण गुण. पण सहल आखणाऱ्याला असं उत्तर देऊन भागत नाही. का? कारण गणितातला रस्ता सपाट असतो. त्यावर घाट नसतो, पाऊस नसतो, चहाची टपरी नसते आणि मागच्या सीटवर गाडी लागणारा भाऊही नसतो.

म्हणून वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात 'किती अंतर', दुसऱ्यात 'वाटेत काय बदलतं' आणि तिसऱ्यात 'किती वेळ'. दुसरा रकाना भरल्याशिवाय तिसऱ्याला हात लावायचा नाही. हाच आपला नियम.

घाट चढताना

पहिला टप्पा कर्जत ते सातारा, दोनशे किलोमीटरच्या जरा वर. खोपोलीपर्यंत आपलीच ओळखीची वाट. मग बोरघाट. जुन्या रस्त्याने गेलात तर घाटात शिंगरोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटातून वाट सापडत नव्हती, ती शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली, असं इथले लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. त्याला बक्षीस काय मिळालं, तर बंदुकीची गोळी, असंही सांगतात. आजही कितीतरी ड्रायव्हर तिथे गाडी हळू करतात, हात जोडतात. वाट आखणारा पहिला माणूस कोण, तर ज्याने आधी जमीन पायांखाली घातली तो. हे लक्षात ठेवा.

घाट चढलात की लोणावळा. उंची सव्वासहाशे मीटरच्या आसपास. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पुढे साठ-पासष्ट किलोमीटरवर पुणे आणि तिथे जेमतेम सातशे-साडेसातशे मिलिमीटर! एवढ्याशा अंतरात पाऊस सहाव्या हिश्श्यावर येतो, कारण समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि बराचसा पाऊस तिथेच पाडतात. वाटेत कुठलीही सरकारी हद्द नाही, पाटी नाही, नाका नाही. पण झाडं बदलतात, हवा बदलते, घरांची छपरं बदलतात.

आणखी एक गंमत. कर्जतची उल्हास नदी वसईच्या खाडीला, म्हणजे अरबी समुद्राला मिळते. आपल्या तालुक्यातल्या खांडसहून डोंगर चढून भीमाशंकरला गेलात, तर तिथे उगम पावणारी भीमा मात्र पूर्वेला वाहते, कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. डोंगराच्या माथ्यावर शेजारीशेजारी पडलेले दोन थेंब, एक इकडे, एक तिकडे! अशा माथ्याला जलविभाजक म्हणतात. खोपोलीच्या मुलांना तर याहून नवल ठाऊक असेल. लोणावळ्याजवळच्या धरणांतलं पाणी खरं म्हणजे पूर्वेला जायचं. टाटांनी ते मोठमोठ्या नळांतून घाटाखाली उतरवलं. १९१५ सालापासून खोपोलीला त्यावर वीज तयार होते आणि तेच पाणी पाताळगंगेतून पश्चिमेच्या समुद्राला जातं.

तर दुसऱ्या रकान्यात लिहा: 'घाट, धुकं, अवजड ट्रक, पुण्यातली गर्दी, पुढे खंबाटकी घाट'. आता सांगा, दोनशे किलोमीटर साडेतीन तासांत होतील का? खाणं-पिणं धरून सहा-सात तास लिहा.

रेघ कुठे आहे?

दुसरा दिवस सातारा ते कोल्हापूर, १२० किलोमीटर. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, तो प्रीतिसंगम बघायला थांबा. पुढे काळी जमीन आणि दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. तिसरा दिवस कोल्हापूर ते बेळगाव, ११० किलोमीटर. कागल सोडलं की थोड्याच वेळात कर्नाटक लागतं. आता खिडकीतून नीट बघा हं. काय बदललं? पाट्यांवरची लिपी बदलली. पेट्रोलचा भावही बदलेल, कारण प्रत्येक राज्याचा कर वेगळा. पण जमीन? तीच. ऊस? तोच. निपाणीला उतरून चहा मागा, मराठीत बोलून काम होईल. बेळगाव, निपाणी हा भाग १९५६ पर्यंत आपल्यासारखाच मुंबई राज्यात होता. त्या वर्षी राज्यांची फेरआखणी झाली आणि तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यावरचा वाद मोठ्या माणसांना विचारा, समजून घ्या. सहलीपुरतं एवढंच पाहायचं, की नकाशातली रेघ जमिनीवर दिसत नाही आणि जमिनीवरचा मोठा बदल कधीकधी नकाशात रेघ म्हणून येत नाही.

चौथा दिवस बेळगाव ते पणजी. अंतर १२० किलोमीटरच. कालच्याइतकंच! पण दुसरा रकाना भरा आधी. जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला घाट. दाट जंगल, वळणावळणाचा अरुंद रस्ता. महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा या तिघांच्या हद्दी या घाटाजवळ एकत्र येतात. कणकुंबीला मलप्रभा नदी उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे निघते. त्याच खानापूर तालुक्यातून म्हादई पश्चिमेला वाहते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीला समुद्राला मिळते. म्हणजे आपल्या भीमाशंकरचीच गोष्ट पुन्हा! घाट उतरलात की काळा दगड मागे राहिलेला असतो. तांबडा जांभा, माड, काजू दिसू लागतात. म्हणून कालचे ११० किलोमीटर तीन तासांचे, तर आजचे १२० किलोमीटर पाच तासांचे. कुणाला गाडी लागत असेल त्याने पोट टम्म भरून बसू नये, पुढच्या सीटवरून लांब नजर ठेवावी आणि आलेपाकाची वडी खिशात असू द्यावी.

पाचवा दिवस गोव्यात विश्रांती. सहाव्या दिवशी म्हापसा, पेडणे करत पत्रादेवीला महाराष्ट्राची हद्द. आज तिथून भुर्रकन निघून जातो आपण. पण १९६१ पर्यंत ही दोन राज्यांची नव्हे, दोन देशांची हद्द होती. पलीकडे १५१० सालापासून पोर्तुगिजांचं राज्य होतं, म्हणजे युरोपातल्याच एका देशाचं. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले, तेव्हा त्यांच्यावर गोळीबार झाला. कितीतरी जण मारले गेले. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या पनवेलचे हिरवे गुरुजी या गोवा सत्याग्रहातच हुतात्मा झाले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ती हद्द पुसली गेली. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापाशी पाच मिनिटं गाडी थांबवा. आज आपल्याला कुणी अडवत नाही, यामागे कुणाचे तरी प्राण आहेत.

सहाव्या दिवशी रत्नागिरीत मुक्काम, सातव्या दिवशी चिपळूण, आठव्या दिवशी महाड, माणगाव, पेण, खोपोली, घर. इथे दुसऱ्या रकान्यात काय लिहाल? 'नद्या'! सह्याद्रीतून समुद्राकडे धावणाऱ्या नद्या आपला रस्ता एकामागून एक आडव्या ओलांडतात. शास्त्री, वाशिष्ठी, जगबुडी, सावित्री, कुंडलिका... नद्या आखूड, उतार मोठा. म्हणून डोंगरात पाऊस झाला, की बघता बघता पूर येतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात कोसळला आणि अंधारात एसटीच्या दोन गाड्या आणि इतर वाहनं वाहून गेली. नवा पूल १६५ दिवसांत बांधून २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला. ही सहल ऐन पावसाळ्यात आखायची नाही, दिवाळीत आखायची, ते यासाठी. आणि दिवाळीतही अंधार लवकर पडतो, म्हणून संध्याकाळी सहाच्या आत मुक्कामाला पोचायचं.

जादा इंजिन

आईबाबांनो, हा भाग जरा तुमच्यासाठी.

आपल्यापैकी पुष्कळ जण म्हणतात, "रात्री निघू. रस्ता मोकळा मिळतो, मुलं झोपतात, एक दिवस वाचतो." दिवसभर कामावर जायचं, रात्री जेवून गाडी काढायची आणि पहाटे घाटात असायचं. मध्यरात्रीनंतरच्या त्या तासांत माणसाचं शरीर झोपच मागतं, कितीही चहा प्या. युरोपातल्या ट्रकचालकांना कायदाच आहे, की साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती घ्यायची आणि एरवी दिवसात नऊ तासांच्या वर चाक हातात धरायचं नाही. आपल्याकडेही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकांसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. रोज गाडी चालवणाऱ्या माणसाला जर एवढी विश्रांती लागते, तर वर्षातून एकदा लांब निघणाऱ्या बाबांना किंवा आईला किती लागेल?

कर्जतच्या मुलांनी स्टेशनवर पाहिलंय, घाट चढायच्या गाडीला इथे मागून जादा इंजिनं जोडतात. पुढचं इंजिन कमजोर असतं म्हणून नाही हं! घाट मोठा आहे, हे आधीच माहीत असतं म्हणून. तसा सहलीत एक मोकळा दिवस ठेवायचा. पंक्चर झालं, कुणाला ताप आला, रस्ता बंद निघाला, तर तो दिवस कामी येतो. नाही लागला, तर गोव्यात आणखी एकदा समुद्रात डुंबा!

आता आजीची गोष्ट. वर्गातल्या एका मुलीच्या घरी ही सहल खरोखरच ठरत होती. सगळे निघणार होते, आजी सोडून. आजीचे गुडघे दुखतात, ती तासाभराच्या वर बसू शकत नाही. "तिला काकांकडे ठेवू," असं ठरलं. आजीही म्हणाली, "जा रे बाबांनो, मी काय करू येऊन?" मुलीने मात्र आमचा तीन रकान्यांचा कागद घरी नेला आणि वर चौथा रकाना आखला: 'आजी कुठे उतरणार'. दर तासाला एक थांबा घातला. साध्या संडासाऐवजी कमोड कुठे मिळेल, ते तिने आईला फोन करून विचारायला लावलं. चार पायऱ्यांच्या वर जिने असलेली लॉज खोडली. हे सगळं मांडल्यावर दिसलं, की आजीसकट आठ दिवसांत गोवा होत नाही. बाबांना तेवढीच सुट्टी होती.

मग घरात वाद झाला. मुलीचा भाऊ रडला, कारण त्याला समुद्रच हवा होता. दोन दिवस निर्णय होईना. शेवटी गोवा कापला. कोल्हापूरपर्यंत जायचं आणि तिथूनच परत फिरायचं ठरलं. आजी अंबाबाईचं दर्शन घेऊन आली आणि नातवाला म्हणाली, "समुद्राचं काय घेऊन बसलास? तो अलिबागला आहेच की! पण मला पन्हाळा कोण दाखवणार होतं?"

गोवा राहिला, हे खरंच. तो पुढच्या वर्षी बघतील. पण आखणी म्हणजे नुसती ठिकाणांची यादी नव्हे, काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते ठरवणं. मला वाटतं, सहलीचं घड्याळ घरातल्या सगळ्यात हळू माणसाच्या मनगटावर बांधावं. मग सगळे एकत्र पोचतात.

आता युरोप!

समजा, तुमचे काका हॉलंडमध्ये आहेत. त्यांच्या गाडीने निघायचं. रॉटरडॅमहून जर्मनीतलं कोलोन २६०, तिथून फ्रायबुर्ग ४२०, तिथून बाझेलवरून स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न १७०, तिथून गोट्टहार्डच्या बोगद्यातून इटलीतलं मिलान २४५ आणि पुढे व्हर्चेल्ली ७५ किलोमीटर. बेरीज करा. १,१७०! आपल्या सहलीएवढीच, आणि देश चार.

दुसरा रकाना भरू. हॉलंड सपाट, जवळजवळ चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्याही खाली. मग कधी जवळून, कधी लांबून सोबत करणारी ऱ्हाइन नदी, फ्रायबुर्गजवळ काळ्या जंगलाचे डोंगर, पुढे बर्फाचे आल्प्स. गोट्टहार्डचा रस्त्याचा बोगदा १९८० साली सुरू झाला, लांबी जवळजवळ १७ किलोमीटर. सुट्टीच्या दिवसांत त्याच्या तोंडाशी गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागतात. म्हणजे तिसऱ्या रकान्यात तास वाढवा! त्या डोंगरांतून ऱ्हाइन उत्तर समुद्राकडे जाते, ऱ्होन भूमध्य समुद्राकडे आणि तिचिनो नदी पो नदीला मिळून एड्रियाटिक समुद्राकडे. ओळखलंत ना? भीमाशंकर, कणकुंबी, गोट्टहार्ड, सगळी एकाच घराण्यातली.

कागदपत्रं जास्त लागतील. शेंगेन व्हिसा, पासपोर्ट, गाडीचा विमा. काकांऐवजी बाबा चालवणार असतील, तर आपल्या आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना. तो एका वर्षापुरता असतो. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, म्हणून पहिल्या दिवशी थोडंच अंतर ठेवायचं. स्वित्झर्लंडच्या महामार्गांवर ४० फ्रँकचा वार्षिक पास लागतो. इटलीत आपल्यासारखे टोलनाके आहेत. आणि जर्मनीत बारा वर्षांखालच्या, दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना गाडीत वेगळी सीट लागते. मोजा बरं आपापली उंची!

आणि व्हर्चेल्लीला का जायचं? तिथे काय आहे? भातशेती! पाणी भरलेली खाचरं, अगदी आपल्या कर्जतसारखी. 'कर्जत ३', 'कर्जत ७' अशा भाताच्या जाती आपल्या गावच्या संशोधन केंद्राने दिल्या, हे तुम्हाला ठाऊक आहेच. चार देश ओलांडून जायचं आणि खिडकीतून काय दिसावं, तर भात!

या आठवड्याचा अभ्यास: तुमच्या गावाहून निघणाऱ्या कुठल्याही सहलीचे तीन रकाने भरा. पेठच्या किल्ल्याची चालेल, माथेरानची चालेल, युरोपची तर धावेल! खाली दोन ओळी लिहा: 'आमच्या घरातलं सगळ्यात हळू माणूस कोण?' आणि 'आमचं जादा इंजिन कुठे ठेवलंय?' लिहून झालं, की तो कागद आधी त्या हळू माणसालाच दाखवा. तिथे काही खोडलं गेलं, तर रागवायचं नाही हं!

तुमच्या बाई